बोटीच्या तारखेपासून उलटं मोजा: नाशिकहून सागरी फील्ड स्टडीला निघताना

परदेशातल्या एखाद्या नेहमीच्या कोर्सला चार दिवस उशिरा पोचलात तर फार तर दोन लेक्चरं बुडतात. सागरी अभ्यासाच्या फील्ड प्रोग्रॅमचं तसं नसतं. बोट भरती-ओहोटी आणि वारा बघून सुटते, बेटावरच्या संशोधन केंद्रात खाटा मोजक्या असतात, आणि पोहण्याची चाचणी न दिलेल्याला कुणी पाण्यात उतरू देत नाही. म्हणून ऑफर लेटर हातात पडलं की पेढे वाटायच्या आधी एक मेल टाका: पहिली फील्ड ट्रिप कधी आहे, आणि तिच्याआधी कुठल्या चाचण्या, कुठली सर्टिफिकेटं लागतील? उत्तर आलं की ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करा. कॉलेज सुरू होण्याची तारीख नाही, बोटीची. बाकी सगळं तिथून मागे मोजायचं.

इथे मी ऑस्ट्रेलियातलं टाउन्सव्हिल डोळ्यांसमोर ठेवलं आहे. प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्यांची पावलं आपसूक तिकडे वळतात: जेम्स कुक विद्यापीठ तिथे आहे, १९७२ मध्ये स्थापन झालेली ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्स शहराबाहेर केप फर्ग्युसनला आहे, आणि ग्रेट बॅरियर रीफचा कारभार पाहणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं मुख्यालयही त्याच गावात. दुसऱ्या देशात जात असाल तर व्हिसाचा भाग सोडा, बाकीचं तुमच्याही कामाचं आहे.

कागदपत्रं: सगळ्यात आधी नाव

आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. आधारवर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं अक्षर. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण परदेशी विद्यापीठाच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. पासपोर्ट हाच आधार माना; अर्ज, विमा, तिकीट, डायव्हिंगचं सर्टिफिकेट, सगळीकडे त्याच्यासारखंच नाव. पासपोर्ट अजून काढला नसेल तर पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, मुंबईची खेप पडत नाही. मात्र पोलीस पडताळणी पत्त्यावर होते. सुरगाणा, पेठ, कळवणहून येऊन नाशिकला होस्टेलवर राहणाऱ्यांनी कुठला पत्ता द्यायचा हे आधीच ठरवावं, नाहीतर हवालदार एका गावी आणि तुम्ही दुसऱ्या.

नाशिकची बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडूनच काढावी लागते. कॉलेजच्या क्लार्कने शिक्का मारून दिलेली मार्कशीटची झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. परीक्षांच्या निकालाच्या हंगामात हे काम रेंगाळतं, तेव्हा लवकर अर्ज करा.

व्हिसाचं थोडक्यात. तीन महिन्यांपर्यंतचा अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसावर करता येतो. त्याहून मोठ्या प्रोग्रॅमला विद्यार्थी व्हिसा, म्हणजे सबक्लास ५००. १ जुलै २०२५ पासून त्याची फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही, म्हणून अर्ज अर्धवट कागदांवर टाकू नका. पैशांचा पुरावा दाखवताना वर्षाच्या राहणीखर्चासाठी २९,७१० डॉलर धरतात. फी आणि प्रवास वेगळा. आरोग्य विमा तिथलाच, परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा, ओएसएचसी नावाचा, मुक्कामाच्या पूर्ण मुदतीचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं आणि वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. फॅमिली डॉक्टरांचं पत्र चालत नाही, मग ते कितीही जुने असोत.

पैसे परदेशी पाठवताना बँक ए-२ नावाचा फॉर्म भरून घेते. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, कापला जात नाही. त्यापुढची फी दोन आर्थिक वर्षांत विभागता येते का ते सीएला विचारा. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आदिवासी विकास विभागाकडून मिळते आणि त्या विभागाचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. प्रत्यक्ष जाऊन विचारा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तुमचा प्रोग्रॅम पदवीचा आहे की नुसता एका सत्राचा, यावर पात्रता अवलंबून असते, तो प्रश्न पहिल्यांदा टाका. आणि विद्यापीठाला हेही विचारा की फील्ड ट्रिपचा खर्च फीमध्ये धरला आहे का. बोटीचं भाडं, बेटावरचं राहणं, सामानाचं भाडं हे अनेकदा वेगळं लागतं.

पाण्याची तयारी

एजंटांच्या यादीत ही पायरी नसते. माझ्या मते नाशिककराने सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर घालवावा. आपल्याला समुद्र नाही. गोदाघाटावर, गांधी तलावात पोहायला शिकलेली पोरं धीट असतात हे खरं, पण रामकुंडात सूर मारणं वेगळं आणि तोंड पाण्यात ठेवून, दम न लागता, एका लयीत लांबवर पोहणं वेगळं.

ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या पायरीच्या कोर्सची पाण्यातली चाचणी डोळ्यांसमोर ठेवा: न थांबता २०० मीटर पोहणं, वेळेची अट नाही, आणि मग कशाचाही आधार न घेता १० मिनिटं तरंगणं. पोहणं बहुतेकांना जमतं. घाबरवतात ती तरंगण्याची दहा मिनिटं, कारण त्यात हातपाय मारून काही साधत नाही. अंग सैल सोडावं लागतं. त्र्यंबक रोडवरच्या महापालिकेच्या सावरकर तलावात किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावात मासिक पास काढा आणि प्रशिक्षकांना सरळ सांगा की मला स्पर्धेचं नको, टिकून राहण्याचं पोहणं शिकवा. तलाव किती मीटरचा हे विचारा, म्हणजे फेऱ्या मोजता येतील. आठवड्याला दोनदा शेवटच्या दहा मिनिटांत नुसतं तरंगायचं, मित्र काठावरून चिडवत असले तरी.

मास्क विकत घ्यायचा असेल तर दुकानात एक साधी परीक्षा करा. पट्टा डोक्यामागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, केस बाजूला सारा, नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. गालापाशी सुस्कारा ऐकू आला तर तिथूनच पाणी शिरणार, किंमत काहीही असो. मिशीवाल्यांना वरच्या ओठापाशी हा त्रास हमखास होतो. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे तो सारखा धुरकटतो. साधी पांढरी टूथपेस्ट आतून बोटाने चोळून धुवा, दोन-तीनदा. फिन्स (पायात घालायचे पंख), वेटसूट (पाण्यात घालायचा उबदार पोशाख), हवेची टाकी यांच्या मागे इथे लागू नका, ते तिथे भाड्याने मिळतं.

डायव्हिंग इथेच शिकायचं ठरलं तर तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे आणि पावसाळा सोडून साधारण ऑक्टोबर ते मे हंगाम चालतो. पण मालवणला पर्यटकांना जे पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली नेतात, प्रशिक्षक मागून टाकी धरून असतो आणि माशांबरोबरचा व्हिडिओ मिळतो, ते प्रशिक्षण नव्हे. त्याचा अर्जात उल्लेखही करू नका. सर्टिफिकेटचा कोर्स काही दिवसांचा असतो आणि त्यात लेखी परीक्षा असते. शेवटच्या डाइव्हनंतर लगेच घरची वाट धरू नका. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि बऱ्याच डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. शरीरात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हे विमानापुरतं वाटतं, पण परतीच्या वाटेवरचा आंबोली घाट समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे आणि नाशिकही सुमारे ६०० मीटरवर. संध्याकाळी डाइव्ह आणि रात्रीच्या गाडीने घाट, हा बेत रद्द. मालवणला एक रात्र जास्त काढा, सोलकढी प्या.

डायव्हिंगच्या वैद्यकीय फॉर्मवर दमा, फिट, कानाचं ऑपरेशन, छातीचे आजार असे प्रश्न असतात. दम्याचं उत्तर लपवायचा मोह अनेकांना होतो, घरचेही सांगतात, ‘लहानपणी होता, आता कुठे आहे?’ लपवू नका. ‘हो’ म्हणालात तर डॉक्टर तपासून ठरवतात, कधी परवानगी मिळते, कधी नाही, आणि न मिळाली तरी स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरून पोहणं), बोटीवरचं आणि प्रयोगशाळेतलं काम राहतंच.

ओहोटी वाचायला मुंबईत शिका

टाउन्सव्हिलला जायच्या आधी निदान एकदा मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन या. हाजी अली, कार्टर रोड, जुहू इथे पाणी मागे सरलं की डबक्यांमध्ये खेकडे, समुद्रफुलं, शंखगोगलगायी, नशीब असेल तर छोटा ऑक्टोपसही दिसतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून अशा फेऱ्या काढतो. तिथे जाणकारांबरोबर चालताना दोन गोष्टी अंगवळणी पडतात: पाय कुठे टाकायचा आणि परत कधी फिरायचं.

भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात लांब मागे जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. कोळीवाड्यात हे पोरासोरांना पाठ असतं. खडक बघायचे तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी पकडायची, तळाला जायच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की निघायचं, फोटो राहिले तरी. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते, ते वाचायची सवय आत्ताच लावा.

नोंदी ठेवायचा सराव मात्र घराजवळ होतो. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं, पाणथळ क्षेत्र. थंडीत तिथल्या मचाणावर बसून एक तास पक्षी मोजा: वेळ, वारा, जात, संख्या, सगळं पेन्सिलीने. पेन ओलं झालं की पसरतं, आणि टाउन्सव्हिलला पाण्याखाली पाटीवर पेन्सिलीनेच लिहायचं आहे.

बॅग: आईशी वाटाघाटी

ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा तपासणी कडक आहे हे सगळे सांगतात, नेमकं काय चालत नाही हे कुणी सांगत नाही. धान्याच्या गोदामात होणारा खपरा भुंगेरा शेतकरी घरांना नवा नाही. तो ऑस्ट्रेलियात नाही आणि त्यांना तो येऊच द्यायचा नाही. त्यामुळे प्रवाशाच्या सामानातून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, अख्खे जिरे, धणे, बडीशेप आणि वाळलेल्या लाल मिरच्या न्यायला बंदी आहे. म्हणजे आई ज्या पुड्या पहिल्यांदा बांधायला घेते त्या जवळजवळ सगळ्या. दुधाचे पदार्थही नकोत, पेढे आणि खवा इथेच संपवा. मांस-मासळीचा प्रश्नच नाही.

उरलं काय? कंपनीचं सीलबंद, छापील वेष्टनातलं, शिजवलेलं किंवा तळलेलं खाणं पुष्कळदा चालतं, पण ते चालेल की नाही हे तुम्ही नाही, तिथला अधिकारी ठरवणार. विमानात मिळणाऱ्या आगमन कार्डावर खाण्याच्या प्रश्नापुढे ‘हो’ अशी खूण करा आणि सामान दाखवा. जाहीर केलेली वस्तू फार तर ते ठेवून घेतात. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर व्हिसावरही गदा येऊ शकते. घरी कांडलेल्या काळ्या मसाल्याच्या एका डब्यासाठी एवढा जुगार कशाला? भारतीय किराणा तिकडे मिळतो.

बूट हा दुसरा विषय. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरी चढून आलेले बूट तळव्यातल्या मातीसह नेऊ नका. दात घासायच्या जुन्या ब्रशने खाचा खरवडा, धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा, आणि ‘मातीत वापरलेले बूट’ म्हणून तेही जाहीर करा. मालवणला वापरलेले मास्क, बूट गोड्या पाण्यात धुवून वाळूचा कण राहू देऊ नका.

औषधं तीन महिने पुरतील इतकीच, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती आधी एकदा घरी सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. काहींना तिने इतकी झोप येते की बोटीवर त्यांचा उपयोग शून्य. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा फायदा होत नाही.

तिकडचे प्लग तिरप्या पट्ट्यांचे असतात पण व्होल्टेज आपल्यासारखंच, तेव्हा साधा अडॅप्टर पुरतो. भारतीय सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात.

नाशिक ते मुंबई, मग पुढे

नाशिकच्या ओझर विमानतळावरून देशांतर्गत विमानं सुटतात, पण परदेशाचं तिकीट बहुतेकांचं मुंबईहूनच असतं. कसारा घाट हा या प्रवासातला सगळ्यात बेभरवशाचा तुकडा. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि बोगद्यामुळे घाट टळतो. पण आमणेनंतर भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. पंचवटी एक्स्प्रेसने जायचं तर ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. दोन मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये शिरायचा विचार सोडा. पावसाळ्यात कसारा-इगतपुरी मार्गावर दरड आली की रेल्वेचं वेळापत्रक कागदावरच राहतं, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये आदल्या दिवशीच ठाणे-मुंबईत कुणाकडे तरी मुक्काम ठेवा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांतलं तिकीट असेल तर स्नानाच्या तारखा टाळून, दोन दिवस आधीच शहराबाहेर पडा. निरोप द्यायला निघालेली सुमोभर मंडळी शक्यतो मुंबई नाक्यावरूनच परत पाठवा, टर्मिनलच्या दारात त्यांना आत सोडत नाहीत.

मुंबईहून टाउन्सव्हिलला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे ब्रिस्बेन आणि तिथून देशांतर्गत विमान, हा एक सरळ मार्ग. ब्रिस्बेनला इमिग्रेशन, सामान आणि जैवसुरक्षा सगळं पार पाडून, बॅगा परत घेऊन, दुसऱ्या टर्मिनलला जायचं असतं, आणि ते टर्मिनल चालत जाण्याजोगं नाही. मध्ये चार तास तरी ठेवा. दोन तासांचं स्वस्त तिकीट दिसलं तरी घेऊ नका. शक्य तर सगळा प्रवास एकाच बुकिंगवर करा, म्हणजे एक विमान चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी राहते.

बोटीच्या तारखेआधी किमान आठवडाभर पोचा. बॅग मागे राहू शकते, सर्दीने कान बंद होऊ शकतात, आणि कान बंद असताना डायव्हिंग करत नाहीत.

पोचल्यावर

उत्तर क्वीन्सलँडच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा मोसम असतो. तेव्हा अंगभर पातळ सूट घालूनच पाण्यात उतरतात. किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील, त्या दंशावर ओतायला. खाडीच्या आणि नदीच्या तोंडाशी मगरींच्या पाट्या असतात. पाटी नसली तरी काठावर उभं राहून पाय धुवायचे नाहीत. आणि शंख उचलायची आपली सवय विमानतळावरच सोडा: नक्षीदार कोन शंखातला प्राणी विषारी काटा मारतो आणि तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

ग्रेट बॅरियर रीफ १९८१ पासून जागतिक वारसा आहे आणि २००४ पासून मरीन पार्कचा सुमारे एक तृतीयांश भाग मासेमारीला पूर्ण बंद. नमुना म्हणून प्रवाळाचा तुकडाही परवान्याशिवाय घेता येत नाही. तुमच्या प्रोग्रॅमचा परवाना कशाकशाला आहे ते पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहा.

बेटावर दुकान नसतं. किराणा शहरातून भरून बोटीने न्यायचा आणि पाळीपाळीने सगळ्यांसाठी रांधायचं, अशी पद्धत बऱ्याच केंद्रांत असते. शाकाहारी असाल, अंडं खात नसाल, तर महिनाभर आधी कळवा. बोटीत चढताना सांगून काही होत नाही. वीस जणांची खिचडी करायला घरी एकदा शिकून जा, तुमची पाळी आली की भाव वधारेल.

क्वीन्सलँडचं घड्याळ आपल्यापुढे वर्षभर साडेचार तास. घरी फोन करायला आपले दुपारचे अडीच बरे, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. बेटावर मात्र नेटवर्क असेलच असं नाही. निघायच्या आधी आईवडिलांना बसवून सांगा की फील्डवर असताना दोन-तीन दिवस फोन लागला नाही तर लगेच एजंटकडे धावू नका, आणि संस्थेचा चोवीस तास चालणारा आपत्कालीन क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवून या. त्या क्रमांकाच्या आधी ऑस्ट्रेलियाचा कोड ६१ कसा लावायचा, हेही त्याच कागदावर लिहा.